प्रपंचात राहून डीकन : माहीमच्या निमित्ताने एक आढावा

रविवारच्या मिस्सेत वेदीपाशी एक गृहस्थ उभा असतो. पांढऱ्या झग्यावर डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे तिरका पट्टा. तो शुभवर्तमान वाचतो, कधी प्रवचन देतो, ख्रिस्तशरीर वाटतो. त्याची पत्नी आणि मुले समोरच्या बाकावर बसलेली असतात. सोमवारी तोच माणूस लोकल पकडून कामावर जातो. मुंबई महाधर्मप्रांतात हे दृश्य आता अगदीच अनोळखी राहिलेले नाही. तरी हा माणूस नेमका कोण, फादर की आपल्यासारखाच प्रापंचिक, हा प्रश्न अजून विचारला जातो. तो फक्त कुतूहलाचा नाही. कॅथलिक चर्चने या पदाचे काय करायचे ठरवले आहे आणि काय अजून ठरवलेले नाही, ते सगळे त्यात येते.

बिशप, धर्मगुरू आणि डीकन ही चर्चमधली तीन दीक्षित पदे. धर्मगुरू होणारा प्रत्येक तरुण आधी काही काळ डीकन असतो. गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत मुलगा शिकत असलेल्या घरांना हे ठाऊक असते. या लेखात चर्चा आहे ती कायमच्या डीकनची. तो पुढे धर्मगुरू होत नाही, तो विवाहित असू शकतो, आणि बहुधा स्वतःच्या कमाईवर जगतो.

माहीमच का

सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी माहीमला सेंट मायकल चर्च उभारले. आजची इमारत १९७३ची आहे. १९४८पासून तिथे दर बुधवारी नित्य साहाय्यकारी मातेची नोव्हेना चालते. सकाळपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या भाषांत प्रार्थना होतात आणि रांगेत ख्रिस्ती माणसांइतकीच इतर धर्मांची माणसे असतात. कुणाच्या हातात मेणाचे घर, कुणाच्या हातात मेणाचा पाय. नोकरी, आजारपण, मूल, घराचा ताबा अशी प्रत्येकाची विनवणी वेगळी. एवढ्या माणसांचे ऐकून घ्यायला, त्यांना धीर द्यायला कितीही धर्मगुरू असले तरी कमीच पडतील. सेवेची गरज आणि सेवकांची संख्या यांतली तफावत इथे दर आठवड्याला उघड्या डोळ्यांनी दिसते, म्हणून आढाव्यासाठी हे ठिकाण योग्य.

दुसरेही कारण आहे. चर्चमध्ये अधिकार कुणाचा, हा वाद माहीमला जुना आहे. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालचे धर्मगुरू आणि थेट रोमने पाठवलेले धर्माधिकारी यांच्यात एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या एकेका चर्चवरून झगडा चालला होता. १८५३ साली सेंट मायकल चर्च हातचे जाऊ नये म्हणून बिशप अनास्तासियस हार्टमान कित्येक दिवस स्वतःला आत कोंडून घेऊन बसले होते. ज्या गावाने हे पाहिले, त्या गावातला कॅथलिक माणूस नव्या पदाकडे पाहताना हा कुणाचा माणूस, असे आधी विचारणारच.

उगम आणि ओहोटी

डीकनपदाचे मूळ परंपरेने ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात शोधले जाते. यरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार ग्रीक बोलणाऱ्या गटाने केली. प्रेषितांनी सात माणसे निवडायला सांगितली आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे तक्रार करणाऱ्या गटाच्याच माणसांच्या हाती बहुधा कारभार दिला गेला. या प्रसंगाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे. त्या सातांना तिथे थेट डीकन म्हटलेले नाही, हे अभ्यासक आवर्जून नोंदवतात. शिवाय अन्नवाटपासाठी नेमलेला स्तेफन लगेच प्रवचने देताना दिसतो आणि फिलिप्प बाप्तिस्मा देताना. पंगत आणि वचन यांची फारकत पहिल्यापासूनच नव्हती.

पुढच्या शतकांत डीकन हा बिशपाचा उजवा हात झाला. गरिबांचा निधी, आजारी माणसांची चौकशी, तुरुंगातल्यांपर्यंत पोचणे हे त्याचे काम. रोममध्ये २५८ साली हुतात्मा झालेला लॉरेन्स या पदाचा सर्वांत लाडका संत. चर्चची संपत्ती दाखव, असे अधिकाऱ्याने फर्मावल्यावर त्याने शहरातले गरीब समोर उभे केले, अशी परंपरा सांगते. मग मध्ययुगात पश्चिमेकडे हे पद आकसत गेले आणि धर्मगुरू होण्याआधीची एक पायरी एवढेच उरले. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या परिषदेने जुनी पदे पुन्हा कामाला लावावीत असे ठरवले, पण प्रत्यक्षात काही झाले नाही.

भारतात या पदाचा एक वेगळाच धागा आहे. केरळच्या संत थॉमस ख्रिस्ती समाजाचा कारभार शतकानुशतके आर्चडीकन पाहत असे. बिशप बाहेरून येई, आर्चडीकन इथला असे. १६५३च्या कूनन क्रॉसच्या शपथेच्या वेळी पोर्तुगिजांच्या विरोधात समाजाचे नेतृत्व केले तेही आर्चडीकन थोमा यांनीच. ते पद आजच्या डीकनपेक्षा फार मोठे होते. तरीही डीकन ही कल्पना भारताला विसाव्या शतकात युरोपने दिली, हा समज त्यामुळे टिकत नाही.

डाखाऊ ते व्हॅटिकन

आजच्या पुनरुज्जीवनाची बीजे नाझींच्या डाखाऊ छळछावणीत पडली. तिथे कैदेत असलेले जर्मन धर्मगुरू आपसांत बोलत असत, की लोकांच्या रोजच्या जगण्यात आपण पुरेसे का नव्हतो. सुटकेनंतर त्यांच्यातल्या काहींनी विवाहित डीकनांची कल्पना लेखांतून मांडली. जर्मनीत अभ्यासमंडळे निघाली, आणि कार्ल राहनर या जेझुइट विचारवंताने तिला धर्मशास्त्रीय आधार दिला. जी माणसे आधीच डीकनचे काम करतात त्यांना त्या कामाची दीक्षा आणि तिच्यातली कृपा का नाकारायची, हा त्यांचा मुद्दा होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी चर्चविषयीच्या घटनापत्रात कायमच्या डीकनपदाला वाट मोकळी केली. त्यावर सही करणारे पोप सहावे पॉल अवघ्या अकरा दिवसांनी, २ डिसेंबरला, आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईत उतरले. त्या गर्दीत डीकनपदाची आठवण कुणाला असण्याचे कारण नव्हते. पण ज्या शहराने त्या पोपना डोळे भरून पाहिले, त्या शहराने हे पद स्वीकारायला पुढे काही दशके घेतली.

पोपनी १९६७ साली नियम घालून दिले आणि १९६८मध्ये जर्मनीतल्या कोलोनला पहिले कायमचे डीकन दीक्षित झाले. १९८३च्या कॅनन कायद्याने अटी पक्क्या केल्या. अविवाहित उमेदवाराचे वय किमान २५, विवाहिताचे किमान ३५, आणि पत्नीची संमती आवश्यक. आज जगात सुमारे ५०,००० कायमचे डीकन आहेत. त्यांतले बहुतेक सगळे अमेरिका खंडात आणि युरोपात आहेत. आशियात त्यांची संख्या अगदी तुरळक आहे.

मुंबईचा निर्णय आणि त्यावरची मते

परिषदेने निर्णय प्रत्येक देशातल्या बिशपांवर सोडला होता. भारतात फार थोड्यांनी ही वाट धरली. त्यांत मुंबई महाधर्मप्रांत ठळक आहे. कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांच्या २००६ ते २०२५ या कारकीर्दीत इथे अनेक विवाहित पुरुष डीकन म्हणून दीक्षित झाले.

ज्यांना हे पद भारतात अनावश्यक वाटते त्यांचे म्हणणे असे : इथे सेमिनरी ओस पडलेल्या नाहीत. धर्मगुरूंचा तुटवडा युरोपासारखा नाही. ख्रिस्तशरीर वाटणे, धर्मशिक्षण, घरभेटी ही कामे प्रापंचिक माणसे दीक्षेशिवाय करतच आहेत. मुंबईत तर १९८०च्या दशकापासून लघु ख्रिस्ती समूह आहेत. वाडीतल्या, चाळीतल्या, इमारतीतल्या पंधरा-वीस घरांनी एकत्र येऊन एकमेकांची विचारपूस करायची, ही पद्धत इथे रुजली आहे. अशा वेळी एका प्रापंचिकाला उचलून दीक्षित केले, तर उरलेल्यांना आपले काम दुय्यम वाटू लागेल. हा आक्षेप वजनदार आहे, आणि तो मांडणारे बहुतेक चर्चवर मनापासून प्रेम करणारेच आहेत.

दुसरी बाजू परिषदेच्याच १९६५च्या मिशनविषयक दस्तऐवजाचा आधार घेते. कॅटेकिस्ट म्हणून वचन सांगणारे, दूरच्या वस्त्यांना बिशपाच्या वतीने सांभाळणारे, सेवाकार्य चालवणारे यांना हस्तारोपणाने बळ द्यावे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. हे वाचताना मला नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या गावांतले मास्तर आठवतात. शाळा चालवायची, रविवारची प्रार्थना घ्यायची, मयताला उभे राहायचे, तंटा सोडवायचा. फादर महिन्यातून एकदा आले तरी ख्रिस्ती वस्ती टिकून राहिली ती या मास्तरांमुळे. राहनर यांचा युक्तिवाद त्यांना तंतोतंत लागू पडतो. पण त्यांना कुणी डीकन केले नाही. महाराष्ट्रात हे पद आले ते शहरात, शिकलेल्या मध्यमवर्गीय नोकरदारांमध्ये. ग्रामीण गरज एकीकडे आणि शहरी पद दुसरीकडे, ही विसंगती चर्चेत फारशी येत नाही, आणि ती यायला हवी.

काय करता येते, काय नाही

डीकन बाप्तिस्मा देऊ शकतो, लग्न लावू शकतो, अंत्यविधी चालवू शकतो, शुभवर्तमान वाचून प्रवचन देऊ शकतो, पवित्र संस्काराचा आशीर्वाद देऊ शकतो. मिस्सेतला यज्ञ तो अर्पण करू शकत नाही, पापनिवेदन ऐकू शकत नाही आणि रुग्णांचा तैलाभ्यंग करू शकत नाही. २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी कॅनन कायद्यात दुरुस्ती करून ही रेघ आणखी ठळक केली. बिशप आणि धर्मगुरू ख्रिस्त या मस्तकाच्या नावाने कार्य करतात. डीकनला विधी, वचन आणि प्रेमसेवा यांतून देवाच्या प्रजेची सेवा करण्याचे बळ मिळते.

कागदावर हे सरळ आहे. मुंबईत मात्र लग्नापासूनच अडचण सुरू होते. इथे लॅटिन विधीचे कॅथलिक आहेत तसेच केरळमधून आलेले सीरो-मलबार विधीचेही आहेत. त्यांची कल्याणची स्वतंत्र धर्मसत्ता १९८८पासून आहे. पौर्वात्य विधीत लग्नाला धर्मगुरूचाच आशीर्वाद लागतो. म्हणून २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी स्पष्ट केले, की वर किंवा वधू पौर्वात्य कॅथलिक असेल तर ते लग्न डीकनला लावता येणार नाही. मिश्र वस्तीच्या शहरात हे रोजच्या व्यवहारातले बंधन आहे, आणि लग्न ठरवणाऱ्या दोन्ही घरांना ते आधी कळलेले बरे.

सर्वांत कठीण जागा परळची. टाटा, केईएम, वाडिया या रुग्णालयांत देशभरातून माणसे येतात आणि कित्येक नातेवाईक महिनोन्महिने आसपास कुठेतरी आडोसा शोधून राहतात. अशा ठिकाणी डीकन खूप काही करू शकतो. ख्रिस्तशरीर नेणे, खाटेशेजारी प्रार्थना करणे, औषधाच्या पैशासाठी कुणाचे दार ठोठवायचे ते सांगणे, परगावच्या कुटुंबाला जवळच्या धर्मग्रामाशी जोडून देणे. पण मरणासन्न माणूस पापनिवेदन मागतो, तैलाभ्यंग मागतो, तेव्हा डीकनला धर्मगुरूंना बोलवावे लागते. तैलाभ्यंगाचा अधिकार डीकनला द्यावा, अशी मागणी जगभर अधूनमधून होते. या संस्कारात पापक्षमेचा अंश आहे आणि म्हणून तो धर्मगुरूचाच, असे रोमने २००५ साली पुन्हा सांगितले. सिद्धांताच्या दृष्टीने हा दरवाजा बंद आहे. खाटेपाशी उभ्या असलेल्या माणसाला काय वाटते, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही, एवढे नोंदवणे भाग आहे.

इथूनच या पदाविषयीचा मुख्य मतभेद सुरू होतो. एक मत असे, की डीकनची ओळख वेदीपाशीच ठरते आणि तिथली सेवा लोकांना दिसली तरच पदाला अर्थ. दुसरे मत म्हणते, की वेदीपाशी त्याचे असणे हे बाहेरच्या कामाचे प्रतिबिंब असावे. बाहेर काम नसेल तर तो अर्धा धर्मगुरू होऊन बसतो. ऑस्ट्रेलियन अभ्यासक जॉन कॉलिन्स यांनी १९९० साली प्राचीन साधनांचा धांडोळा घेऊन तिसरी बाजू पुढे आणली : डीकन हा मुळात कुणाच्या तरी वतीने पाठवलेला, जबाबदारी सोपवलेला माणूस आहे, आणि नम्र सेवेवर दिलेला सगळा भर नंतरचा आहे. या मताला पुष्कळ विरोध झाला, पण दुर्लक्ष कुणाला करता आले नाही.

मला स्वतःला दुसरे मत मुंबईसाठी अधिक योग्य वाटते, आणि त्याला कायद्याचाही आधार आहे. धर्मगुरूंना कामगार संघटनांच्या आणि राजकीय पक्षांच्या नेतृत्वात सक्रिय भाग घ्यायला कॅनन कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. कायमच्या डीकनला स्थानिक नियम आड येत नसेल तर ती मनाई लागू नाही. धंदा आणि व्यापाराचे बंधनही नाही. लालबाग-परळच्या गिरणगावात ज्यांचे आजोबा-पणजोबा खात्यात राबले, त्यांना संघटना म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. चर्चचा दीक्षित माणूस कामगारांच्या बैठकीत त्यांच्यातलाच एक म्हणून बसू शकतो, ही सोय चर्चने स्वतःहून ठेवली आहे. तिचा उपयोग करण्याचा विचार तरी व्हायला हवा.

घर, नोकरी, पत्नी

विवाहित डीकनचा पहिला संस्कार विवाहाचा, दुसरा दीक्षेचा. पहिल्याला धक्का लावून दुसरा पाळता येणार नाही, हे सर्व दस्तऐवज बजावतात. रोमने १९९८ साली काढलेले मार्गदर्शक नियम पत्नीने तयारीच्या काळात सोबत असावे असे सुचवतात; ही तयारी किमान तीन वर्षांची असते. तयारीनंतर मात्र पत्नीचे स्थान काय, यावर फारसे काही लिहिलेले नाही. लोक तिच्याकडे डीकनची बायको म्हणून पाहतात, तिच्याकडून अपेक्षा ठेवतात. तिला पद मात्र कुठलेच नसते. तिने सही करून दिलेली संमती जन्मभराची, आणि आठवड्याच्या सुट्टीचा एकच दिवस चर्चला गेला तर घर चालवायचे तिनेच.

आणखी एक अट अनेकांना माहीत नसते. डीकनची पत्नी आधी वारली तर त्याला पुन्हा लग्न करता येत नाही; रोमकडून विशेष सूट मिळाली तरच. लहान मुले किंवा थकलेले आईवडील घरात असतील तर ही सूट देण्याचा विचार व्हावा, असे १९९७ साली ठरले. पदरी दोन लहान मुले असलेल्या पस्तिशीच्या माणसाने दीक्षा घेताना ही अट नीट समजून घेतलेली असावी, हा आग्रह रास्तच आहे.

पैशाविषयी कायदा थोडक्यात असा : पूर्णवेळ चर्चचे काम करणाऱ्या विवाहित डीकनला कुटुंबासह जगता येईल इतके मानधन द्यावे; नोकरी करणाऱ्याने किंवा निवृत्तिवेतन मिळणाऱ्याने त्यातून स्वतःचे भागवावे. परिणामी मुंबईसारख्या महाग शहरात बरी नोकरी किंवा पेन्शन असलेल्यालाच हे पद परवडते. टॅक्सी चालवणारा, कंत्राटी कामावर असलेला, धारावीत छोट्या कारखान्यात राबणारा माणूस डीकन कसा होईल, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

स्त्रियांचा प्रश्न

रोमकरांस पत्रात पौल किंख्रियाच्या मंडळीतल्या फिबीचा उल्लेख ज्या शब्दाने करतो, तोच शब्द पुढे डीकनसाठी रूढ झाला. ४५१च्या खाल्सेदोनच्या परिषदेने स्त्री-डीकनसाठी किमान ४० वर्षे वयाचा नियम केला. ती दीक्षा पुरुषांच्या दीक्षेसारखीच होती की वेगळा आशीर्वाद होता, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० साली दोन आयोग नेमले. २०२४च्या सिनडने हा प्रश्न खुला असल्याचे म्हटले. डिसेंबर २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयोगाच्या निष्कर्षांत दीक्षेच्या अर्थाने स्त्री-डीकनपद सध्या नाकारले आहे, पण हा अंतिम निवाडा नाही असेही म्हटले आहे.

मुंबईत या वादाला स्वतःचा संदर्भ आहे. अनाथाश्रम, दवाखाने, वस्त्यांतली कामे यांचा मोठा भार धर्मभगिनींनी आणि प्रापंचिक स्त्रियांनीच उचलला आहे. अंधेरीच्या सेंट कॅथरिन्स होमचे काम हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. डीकनच्या तीन कामांतले प्रेमसेवेचे काम ज्या सर्वाधिक करतात, त्या या पदाबाहेर आहेत. धर्मशास्त्राचा निर्णय काहीही होवो, एवढी वस्तुस्थिती दोन्ही बाजूंनी मान्य करून पुढे बोलावे.

भाषा

यरुशलेममधली तक्रार अन्नाची होती तशी भाषेचीही होती, म्हणून शेवटी हा मुद्दा. माहीम, दादर, वरळीच्या जुन्या गावठाणांतला, १८८७ साली ईस्ट इंडियन हे नाव घेतलेला समाज मूळचा मराठी बोलणारा. नगर, जालना, संभाजीनगरकडून शहरात आलेली कॅथलिक कुटुंबे मराठीच बोलतात, आणि ती बहुधा हातावर पोट असलेली आहेत. महाधर्मप्रांताचा बहुतेक विचारव्यवहार मात्र इंग्रजीतून चालतो. इंग्रजीतून धर्मशास्त्र शिकलेला, इंग्रजीतून प्रवचन देणारा डीकन या कुटुंबांपर्यंत किती पोचेल? वसईत मराठीतून मिस्सा, मराठीतून धर्मशास्त्रीय लेखन आणि ‘सुवार्ता’सारखे मासिक अशी समृद्ध परंपरा शेजारीच आहे. तिच्या आधारे मराठीतून डीकनांची तयारी करता येण्याजोगी आहे.

दीक्षेच्या वेळी डीकनवर फक्त बिशप हात ठेवतो. धर्मगुरूच्या दीक्षेत ठेवतात तसे इतर धर्मगुरू ठेवत नाहीत. म्हणजे तो थेट बिशपाचा माणूस. तेव्हा त्याला कुठे पाठवायचे, हा निर्णय मुंबईच्या आर्चबिशपांच्या हातात आहे, आणि २०२५पासून ती जबाबदारी आर्चबिशप जॉन रॉड्रिग्ज यांच्याकडे आहे. त्यांना एक विनंती करावीशी वाटते. आजवर दीक्षित झालेले डीकन, त्यांच्या पत्नी आणि ज्या धर्मग्रामांत हे डीकन काम करतात तिथले लोक, या तिघांचे अनुभव मागवावेत. ते इंग्रजीबरोबर मराठीतही छापावेत. आणि पुढच्या तुकडीसाठी माणसे निवडताना परळच्या रुग्णालयांत आणि मराठी बोलणाऱ्या वस्त्यांत आधीपासून राबणाऱ्यांची नावे पहिल्यांदा विचारात घ्यावीत.